कूर्माचे कवच आणि कूर्माची अंगे

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारतो आणि भगवंत ती सांगू लागतात. त्या वर्णनात ५८ व्या श्लोकात कासव येते. कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते, तसा जो पुरुष आपली इंद्रिये त्यांच्या विषयांपासून आवरून घेतो, त्याची प्रज्ञा स्थिर झाली असे समजावे, असा त्या श्लोकाचा सरळ आशय आहे. उपमा इतकी परिचित की नित्यपाठ करणाऱ्याची दृष्टी तिच्यावरून सहज घसरून पुढे जाते. परंतु क्षणभर थांबले तर एक अडचण समोर उभी राहते. ही गीता ज्या प्रसंगी सांगितली गेली तो प्रसंगच मुळी एका पुरुषाने अंग आवरून घेतल्याचा आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, धनुष्य हातातून गळू लागले आणि अखेर ते टाकून देऊन तो रथात बसून राहिला. बाहेरून पाहणाऱ्यास हा पुरुष विषयांपासून निवृत्त झाला असेच वाटले असते. राज्य नको, भोग नकोत, असे तो स्वमुखाने म्हणतही होता. त्या निवृत्तीला भगवंतांनी क्लैब्य म्हटले. आणि त्याच अध्यायात, अवघ्या पंचावन्न श्लोकांच्या अंतराने, अंगे आत ओढून घेणाऱ्या एका प्राण्याचा दाखला देऊन त्यांनी स्थितप्रज्ञाची थोरवी गायिली. एका आवरण्याचा धिक्कार, दुसऱ्याचा गौरव. दोहोंत भेद कोणता?

हा प्रश्न केवळ टीकाकारांच्या वादाचा नाही. कर्ता मुलगा गेल्यावर एखादा वृद्ध बोलणे टाकतो, नातवंडांकडे पाहणे सोडतो, घरात कोण आले कोण गेले याची विचारपूस करीत नाही. आणि शेजारी आदराने म्हणतात, आजोबा आता स्थितप्रज्ञ झाले. भाऊबंदकीच्या तंट्यात दुबळ्याच्या बाजूने दोन शब्द बोलण्याची वेळ येते, तेव्हा जाणता माणूस म्हणतो, ‘यातून अंग काढून घेतले आहे,’ आणि सायंकाळी शांतपणे पोथी उघडून बसतो. हे दोघेही कासवाच्या वाटेने गेले काय? मराठी भाषा या बाबतीत मोठी सावध आहे. अंग आवरणे आणि अंग चोरणे असे दोन निरनिराळे प्रयोग तिने राखून ठेवले आहेत, आणि कोणत्याही अडाणी मराठी माणसाचा त्यांत घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो स्वतःविषयी बोलताना.

उपमेचा अर्थ लावताना उपमेयाचा विचार पुष्कळ होतो. उपमानाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहात नाही. कासव म्हटले की मनासमोर पाठीवर घर घेऊन हिंडणारा एक प्राणी येतो. संकट दिसले की तो घरात शिरतो आणि दार लावून घेतो, संकट टळले की बाहेर येतो. शंखात राहणाऱ्या खेकड्याविषयी हे चित्र खरे आहे. तो परक्याचा शंख पांघरतो आणि मोठा झाला की टाकून दुसरा शोधतो. कासवाचे तसे नाही. कासवाचे कवच म्हणजे कासवाने पांघरलेली वस्तू नव्हे. ते कासवच आहे.

कासवाच्या पाठीकडचा घुमट आणि पोटाकडची सपाट ढाल मिळून सुमारे ५० ते ६० हाडांची रचना असते, आणि दोन्ही बाजूंस हाडांच्या पुलाने ती एकमेकींस जोडलेली असते. घुमटाच्या मध्यरेषेवर असलेली हाडे ही कण्याच्या मणक्यांशी एकजीव झालेली असतात. त्यांच्या दोन्ही अंगांस सामान्यतः आठ-आठ रुंद पट्ट्या असतात. त्या म्हणजे कासवाच्या बरगड्या. माणसाच्या छातीत बरगड्या वळून पुढे येतात आणि हृदय-फुप्फुसांना कवेत घेतात. कासवाच्या बरगड्या वळत नाहीत. त्या सरळ बाजूंस पसरतात, रुंद होतात, एकमेकींस भिडतात आणि छत बनतात. पोटाकडच्या ढालीत सामान्यतः नऊ हाडे असतात, आणि त्यांतील पुढची तीन म्हणजे इतर प्राण्यांची गळपट्टीची हाडे व त्यांच्या मधले हाड यांचेच रूपांतर होय. या साऱ्यावर नखांच्या जातीच्या द्रव्याचे पापुद्रे बसवलेले असतात. बहुतेक कासवांत पाठीवर ३८ आणि पोटावर १६. यात एक लक्षणीय गोष्ट अशी की, पापुद्र्यांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकावर एक येत नाहीत. चांगला गवंडी विटेच्या सांध्यावर वीट बसवतो, सांध्यावर सांधा येऊ देत नाही. तीच युक्ती येथे आहे.

कासव कवच सोडून बाहेर पडते आणि दुसरे घालते, असे पुष्कळांस वाटते. ते अशक्य आहे. कवच सोडायचे म्हणजे कणा आणि बरगड्या सोडायच्या. शिवाय कवच बधिर नसते. त्यात मज्जातंतू आहेत, आणि पाठीवर काडी फिरवली तरी कासवाला ती कळते. ज्याला लोक निर्जीव ढाल समजतात तिच्यातून त्याला जगाचा स्पर्श होत असतो.

याहून आश्चर्याची रचना खांद्याची आहे. माणसाच्या खांद्याचे फावडे बरगड्यांच्या बाहेर, पाठीवर असते. घोडा, पक्षी, सरडा, बेडूक, कोणाचेही पाहिले तरी खांद्याचे हाड छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूस सापडत नाही. एकट्या कासवात ते बरगड्यांच्या आत आहे. खांदा आत कसा शिरला, हे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोडे होते. २००९ साली जपानमधील शिगेरू कुरातानी यांच्या प्रयोगशाळेने कासवाच्या गर्भाचा अभ्यास करून दाखवले की, खांदा आत शिरलाच नाही. गर्भाच्या कुशीवर एक कड उठते, तिच्यापाशी देहाची भिंत आतल्या बाजूस दुमडते आणि बरगड्या खाली न वळता बाजूंस पसरत खांद्याच्या वरून पुढे येतात. अंड्यातील पहिल्या काही दिवसांत कासवाचा गर्भ कोंबडीच्या वा उंदराच्या गर्भासारखाच असतो; मग ही घडी पडते आणि तो कासव होतो. म्हणजे हातपाय आत घेण्याची क्रिया कासव संकटाच्या वेळी प्रथम शिकत नाही. त्याचा देह घडतानाच एकदा आत वळलेला असतो.

एवढी मोठी रचना फुकट मिळत नाही. माणूस श्वास घेतो तेव्हा बरगड्या वर उचलल्या जातात, छाती फुगते, वायू आत येतो. कासवाच्या बरगड्या छतात जखडून गेल्या. त्या तसूभरही हलत नाहीत. ज्या हाडांनी श्वास घ्यायचा तीच ढालीसाठी खर्ची पडली. म्हणून कासव पोटाच्या स्नायूंनी श्वास घेते. पायांच्या बगलेपाशी असलेले स्नायू आतड्यांचा भार मागेपुढे सरकवून फुप्फुसांना जागा करून देतात व पुन्हा दाबतात. कासव एकाएकी अंग आत घेते तेव्हा फुस्स असा आवाज होतो. अनेकांना तो रागाचा फूत्कार वाटतो. वस्तुतः तो फुप्फुसातून बाहेर ढकललेला श्वास असतो. कवचाच्या आत जागा मोजकी. हातपाय आणि मान यांना ती द्यायची तर वायूला बाहेर जावे लागते. संपूर्ण आवरून घेतलेले कासव छाती भरून श्वास घेऊ शकत नाही. अर्थात त्याला पुन्हा बाहेर यावेच लागते, आणि त्या घडीसाठीच ते आवरते. कायमचे आत राहणे ही कासवाची स्थिती नव्हे. ते मेलेल्या कासवाचे लक्षण आहे.

आता हे कवच आले कोठून, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण उपमेची गाठ तेथे अधिक उकलते. सहज बुद्धीला असे वाटते की, एखादा दुबळा, मंद प्राणी शत्रूंनी गांजला, म्हणून त्याच्या अंगावर हळूहळू ढाल चढली. खडकांत सापडलेले अवशेष निराळेच सांगतात. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत युनोटोसॉरस नावाचा, सरड्यासारखा दिसणारा एक प्राणी सापडतो. त्याला हे नाव १८९२ मध्ये मिळाले. त्याच्या अंगावर कवच नाही. पण नऊ जोड्या बरगड्या विलक्षण रुंद, पानासारख्या पसरलेल्या. अशा बरगड्यांनी त्याचे कोणते रक्षण होणार? मानेला, डोक्याला, पायांना ढाल नाहीच. उलट धड ताठ झाल्यामुळे पळणे मंदावले आणि श्वास अवघड झाला. २०१६ साली काही संशोधकांनी त्याच्या हातांचा आणि पंजांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, हा खणणारा प्राणी होता. जमीन उकरताना पुढच्या पायांच्या रेट्याला आधार द्यायला धड ताठ असावे लागते. रुंद बरगड्या त्या कामाच्या. युनोटोसॉरसला कासवाच्या वंशात कोठे बसवावे, याविषयी जाणकारांत अद्याप मतभेद आहेत, आणि कासव हे सरड्यांपेक्षा मगरी व पक्षी यांच्या अधिक जवळचे, असे गुणसूत्रांतील पुरावा सांगतो. परंतु रुंद बरगड्या आधी आणि ढाल मागाहून, हा क्रम इतर अवशेषांतही दिसतो. जर्मनीतील सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या पॅपोकेलिसमध्ये, ज्याचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, बरगड्या रुंद आहेत आणि पोटाकडची हाडे जाड होऊन जुळू लागली आहेत. चीनच्या ग्वीचौ प्रांतात सापडलेल्या, २००८ मध्ये वर्णन झालेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोंटोकेलिसला पोटाची ढाल पूर्ण आहे, पाठीची अपुरी आहे, आणि तोंडात दात आहेत. आजच्या एकाही कासवाला दात नाहीत. त्यानंतर सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, पुन्हा जर्मनीत, प्रोगॅनोकेलिस भेटते. त्याचे कवच मात्र वर-खाली पुरे झालेले आहे.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घ्यावी. पुऱ्या कवचाच्या या प्रोगॅनोकेलिसला मान आत घेता येत नव्हती. तिच्या मानेवर काटे होते, त्यांवरच भिस्त. कवच पुरे झाले तरी आवरण्याची शक्ती आली नव्हती. ती येण्यास पुढे कोट्यवधी वर्षे लागली. साधन आणि सामर्थ्य या दोन वस्तू वेगळ्या, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगणार? घरात देवघर आहे, ग्रंथ आहेत, एकांताची खोली आहे, निवृत्तिवेतन आहे. एवढ्याने मन आत वळते असे नाही.

आणि जेव्हा मान मागे घेण्याची शक्ती आली तेव्हा ती कशासाठी आली? आजच्या कासवांत दोन कुळे आहेत. एक कुळ मान कवचाच्या कडेखाली आडवी वळवून ठेवते. ते दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इकडे आढळते, भारतात नाही. दुसरे कुळ मान उभी दुमडून सरळ मागे घेते. भारतातील सारी कासवे या कुळातली. मानेचे मणके दोन्हींत आठच. स्वित्झर्लंडमध्ये सापडलेल्या सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्लॅटिकेलिस नावाच्या कासवाचे मानेचे मणके तपासून २०१७ मध्ये असा तर्क मांडण्यात आला की, पहिल्या कुळातले असूनही हे कासव मान काही अंशी सरळ मागे घेत असे, आणि ते लपण्यासाठी नव्हे. डोके पुरते आत जाईल एवढी मान मागे येतच नव्हती. पाण्यात स्थिर राहून मान मागे आखडायची आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखी पुढे सोडायची, यासाठी ती घडी होती. रक्षणाचा उपयोग मागाहून झाला. धनुष्याची दोरी मागे ओढली जाते ती पळण्यासाठी नव्हे, हे अर्जुनाला कोणी सांगायला नको होते.

मात्र येथे थोडा आवर घालणे अवश्य आहे. कवच खणण्यासाठी उपजले, मान झेपेसाठी आखडली, म्हणून गीतेची उपमा कर्मयोगाचीच आहे असे कोणी सिद्ध करू लागला, तर ते शास्त्राच्या नावाने केलेले कीर्तन होईल. गीतेच्या रचनाकाली या अवशेषांची वार्ता कोणालाच नव्हती. शिवाय उगमावरून वस्तूचे मोल ठरते, हा सिद्धांतच भ्रामक आहे, आणि तो माणसाच्या बाबतीत फार अन्याय करतो. एखाद्याचे मिताहारीपण प्रथम वैद्याच्या तंबीने सुरू झालेले असते. एखाद्याचा साधेपणा दारिद्र्यातून आलेला असतो. एखाद्या स्त्रीचे मौन सासरच्या धाकातून उपजलेले असते. पुढे वय वाढते, तंबी संपते, दारिद्र्य जाते, धाक उरत नाही, तरीही तो संयम राहतो, किंबहुना आता प्रथमच तिचा अथवा त्याचा स्वतःचा होतो. ‘मुळात भीतीच होती ना,’ असे म्हणून त्याची थट्टा करणाऱ्याने कासवाच्या बरगड्या पाहाव्यात. ज्या कामासाठी त्या रुंद झाल्या ते काम आज बहुतेक कासवे करीतही नाहीत. जे एका गरजेतून आले ते दुसऱ्या प्रयोजनात पूर्ण झाले. याउलट, उदात्त हेतूने आरंभलेले वैराग्य पुढे निव्वळ सवय आणि अहंकार होऊन बसल्याची उदाहरणेही काही थोडी नाहीत. भगवंतांनी स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना आरंभ कशाने झाला हे विचारलेले नाही.

त्यांनी विचारले आहे ते वेगळेच, आणि ते लगेच पुढच्या श्लोकात आहे. निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते, असा ५९ व्या श्लोकाचा भाव आहे. कासवाच्या उपमेनंतर विलंब न लावता हा इशारा यावा, यात मोठी दूरदृष्टी आहे. अंग आत घेतल्याने बाहेरचा शत्रू थांबतो. आत असलेले काय करायचे? तिसऱ्या अध्यायात तर कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. कवचात शिरलेला मिथ्याचारी सर्वांत सुरक्षित दिसतो आणि सर्वांत अधिक धोक्यात असतो, कारण त्याच्यासह शत्रूही आतच कोंडला गेलेला असतो.

या संदर्भात उत्तर अमेरिकेतील तळ्यांत राहणाऱ्या, अंगावर रंगीत रेषा असलेल्या एका लहान कासवाचे वृत्त चिंतनीय आहे. हिवाळ्यात तळे गोठते. वर बर्फाचा थर, पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही, आणि कासव तळाशी निश्चल पडून असते. तीन अंश उष्णतामानाच्या पाण्यात ते प्राणवायूवाचून तीन महिन्यांहून अधिक जगू शकते. प्राणवायूवाचून जगण्यात एक संकट असे की, देहात लॅक्टिक आम्ल साचत जाते. दमून धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत क्षणभर तयार होणारे तेच हे द्रव्य. महिनोन्महिने साचले तर ते रक्त विषारी करून टाकील. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे डोनाल्ड जॅक्सन यांनी अनेक वर्षे संशोधन करून या कासवाचे रहस्य उलगडले. कवच आपल्यातील क्षार रक्तात सोडते आणि आम्लाची धार बोथट करते; एवढेच नव्हे, तर त्या आम्लाचा बराच भाग कवच स्वतःत सामावून घेते आणि वसंतात कासव वर येऊन श्वास घेऊ लागले की तो परत देते. म्हणजे बर्फाखाली, जेथे कोणी शत्रू नाही, तेथेही कवच काम करीत असते. कोल्ह्याच्या दातांपासून रक्षण करणारी ढाल आपल्याच देहात उत्पन्न झालेल्या विषापासून रक्षण करते. पण ते शक्य होते ते ती जिवंत आहे म्हणून, रक्त तिच्यातून वाहते म्हणून. पांघरलेल्या ढालीला ही विद्या कोठून यावी?

बाहेरून घातलेला संयम आणि अंगी जिरलेला संयम यांतील भेद येथे हाताला लागतो. पुत्रशोकाने मूक झालेल्या त्या आजोबांचा प्रश्न असा: त्यांच्या मौनातून रक्त वाहते आहे काय? दुःख आत घेऊन, त्याची धार हळूहळू बोथट करीत, एके दिवशी नातवाला जवळ बोलावण्याचे बळ ते मौन साठवीत असेल, तर शेजाऱ्यांनी उच्चारलेला मोठा शब्द त्या दिवशी खरा ठरू शकेल. परंतु नातवाने पाठीवर हात ठेवला तरी जाणवत नाही, असे ते मौन असेल, तर ते कवच नव्हे, खपली आहे. अशा माणसाला स्थितप्रज्ञ म्हणून नमस्कार करणे म्हणजे त्याला तेथेच सोडून देणे होय. लोक फार लवकर नमस्कार करतात.

‘अंग काढून घेतले’ म्हणणाऱ्या दुसऱ्या गृहस्थाची गोष्ट सोपी आहे. कोणती इंद्रिये कोणत्या विषयांपासून त्याने आवरली? त्याची झोप, त्याचे भोजन, त्याचा लौकिक, सर्व जेथल्या तेथे आहे. आत घेतली ती फक्त जीभ, आणि तीही जेथे ती बोलायला हवी होती तेथे. पंचतंत्रातील कंबुग्रीव कासवाने हंसांबरोबर उडताना बोलू नये तेव्हा तोंड उघडले आणि ते पडून मेले. एवढे मोठे कवच असून उपयोग झाला नाही. बोलावे तेव्हा तोंड मिटणाऱ्याची कथा पंचतंत्रकाराने लिहिली नाही, कदाचित असा प्राणी जनावरांत सापडत नसल्यामुळे.

गीतेतील कासव नेमके कोणते, हा प्रश्न वरवर कुतूहलाचा वाटेल, पण निरर्थक नाही. समुद्रातील कासव ते नव्हे. त्याचे हातपाय वल्ह्यांसारखे झालेले असतात आणि ते आत जातच नाहीत. ओडिशातील गहिरमाथा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे अंडी घालण्यास येणारी ऑलिव्ह रिडले कासवे संकटातही डोके बाहेर ठेवूनच असतात. समुद्रातील सर्वांत मोठ्या, चामडी पाठीच्या कासवाने तर हाडांचे अखंड छतही सोडून दिले. त्याच्या पाठीत हजारो बारीक हाडांचे तुकडे कातडीत रुतलेले असतात, आणि ते हजार मीटरांहून खोल बुडी मारते. उत्तर भारतातील मैदानात राहणाऱ्या ऋषींच्या नित्य दृष्टीस पडणारे कासव हे गोड्या पाण्यातले असणार. गंगेच्या व सिंधूच्या खोऱ्यांत, तसेच दक्षिणेतही तळी, कालवे, भातखाचरे यांत एक लहान कासव सर्रास असते. त्याच्या पाठीवर कठीण पापुद्र्यांऐवजी कातडी असते आणि पोटाच्या ढालीला मागच्या बाजूस मांसल पडदे असतात. मान व पुढचे पाय आत गेले, मागचे पाय आत गेले, की हे पडदे मागची वाट झाकून घेतात. ‘सर्व बाजूंनी’ हे श्लोकातील विशेषण त्याला शोभून दिसते. तळे आटले की ते चिखलात स्वतःला पुरून घेते आणि पावसाची वाट पाहते. हेच ते कासव, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. पण ज्याने ही उपमा प्रथम योजली त्याने कासव जवळून पाहिले होते, यात संशय वाटत नाही.

ती प्रथम कोणी योजली हेही सांगणे कठीण. महाभारताच्या शांतिपर्वात जवळजवळ त्याच शब्दांत ती येते, पण तेथे इंद्रियांच्या जागी कामना आहेत. बौद्धांच्या संयुत्तनिकायात कासव आणि कोल्हा यांची कथा आहे: कासव अंगे आत घेऊन पडते, कोल्हा एखादे अंग बाहेर येईल म्हणून टपून बसतो, आणि कंटाळून निघून जातो. तेथे सारा भर कोल्ह्याच्या टपण्यावर आहे, म्हणून कासवाने आतच राहणे योग्य ठरते. गीतेच्या श्लोकात कोल्हा नाही. भय दाखवणारा कोणी नाहीच. आणि विशेष म्हणजे कवचाचा शब्दही नाही. श्लोक बोलतो तो केवळ अंगांविषयी. ती कशात ओढली जातात हे त्याने सांगितलेले नाही. कवच वाचकाच्या मनाने भरलेले आहे, आणि भय असलेला वाचक ते अधिक जाड करून भरतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी ज्ञानदेवांचे साहाय्य आहे. त्यांनी ज्ञानेश्वरीत या श्लोकाचे विवरण करताना मूळात नसलेली एक गोष्ट घातली. कासव प्रसन्न असले म्हणजे अवयव पसरते आणि इच्छा झाली म्हणजे स्वतःच आवरून घेते, असे ते सांगतात. पसरणे त्यांनी आधी घातले, आवरणे नंतर; आणि दोन्ही त्याच्या स्वाधीन ठेवले. ज्याची इंद्रिये आज्ञेत आहेत तो त्यांना पाठवूही शकतो. ६४ व्या श्लोकात, राग-द्वेष सुटलेल्या आणि स्वतःच्या ताब्यात असलेल्या इंद्रियांनी जो विषयांत वावरतो त्याला प्रसन्नता लाभते, असे जे पुढे येणार आहे, त्याची चाहूल ज्ञानदेवांनी सहा श्लोक आधीच दिली. कासव पाळलेल्या मुलाला हे विवरण करून सांगावे लागत नाही. त्याने घटका-घटका बसून, डोके केव्हा बाहेर येते याची वाट पाहिलेली असते.

अर्जुनाच्या देहात त्या दिवशी नेमके हेच नव्हते. त्याची गात्रे त्याने आवरली नव्हती. ती त्याच्या हातून गेली होती. धनुष्य ठेवणे आणि धनुष्य गळणे यांत जे अंतर आहे ते कासवाच्या आत घेतलेल्या पायात आणि अर्धांगाने लुळ्या पडलेल्या पायात आहे. बाहेरून दोन्ही निश्चल. पहिल्याला बाहेर येण्यास कोणाची अनुमती लागत नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, आपला मोह गेला आणि आपण आता उभे आहोत असे सांगून अर्जुन आज्ञा शिरोधार्य मानतो, तेव्हा त्याच्याभोवती काहीही बदललेले नसते. तीच सेना, तेच आप्त, तोच संहार समोर. त्याच्यावर कोणी कवच चढवले असेही नाही. अंगातले चिलखत तर त्याने सकाळपासून घातलेलेच होते.

महाराष्ट्रातील जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर, सभामंडपाच्या फरशीत, दगडी कासव कोरलेले असते. दर्शनाला जाणारा त्याला हात लावून पुढे सरकतो. संयमाचे प्रतीक म्हणून ते तेथे बसवले आहे, असे सांगण्याची रीत आहे. शतकानुशतके हातांच्या स्पर्शाने त्याची पाठ गुळगुळीत झालेली असते, आणि कोरणाऱ्याने बहुधा सर्वत्र एक गोष्ट सारखी केलेली आढळते: चारही पाय बाहेर आहेत, आणि मान लांब करून डोके देवाकडे उचललेले आहे.